भिरूड सरांचा अभिप्राय

एका तालुक्याच्या गावी अंध मुलांची एक निवासी शाळा होती. तिथे पुंडलिक भिरूड नावाचे शिक्षक मुलांना संगणक शिकवत. सर स्वतःही वयाच्या सहाव्या वर्षापासून अंध होते. पडद्यावर जे उमटेल ते वाचून दाखवणारा एक आवाज संगणकात असतो. त्या आवाजाच्या आधाराने सर एकोणीस वर्षे काम करत आले होते.

या एकोणीस वर्षांत विंडोज त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती, की कुठले बटण कशासाठी हे त्यांना आठवावे लागत नसे. बोटे आपसूक तिथे जात. संगणक सुरू होताना कुठे अडला, हे ते नुसत्या घरघरीवरून सांगत. त्यांच्या हाताखालून गेलेली अकरा मुले बँकांत आणि सरकारी कचेऱ्यांत नोकरीला लागली होती. तालुक्यात कुणाही अंध माणसाचे संगणकापाशी घोडे अडले की लोक म्हणत, भिरूड सरांना विचारा.

पण सर आता छप्पन्न वर्षांचे झाले होते, आणि दमले होते.

हे दमणे एका दिवसाचे नव्हते. शाळेची हजेरी आधी वहीत होती, मग संगणकावर आली, मग फोनवर गेली. शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी नव्या ठिकाणी, नव्या रीतीने भरावा लागे. प्रत्येक वेळी सर आधी स्वतः शिकत, मग साऱ्या शाळेला शिकवत. लोकांचा हात बसतो न बसतो तोच ते पुन्हा बदले. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. आता नवे काही नको, एवढीच त्यांची इच्छा होती. ती फार मोठी होती असे कुणी म्हणणार नाही.

शाळेत संगणक चार होते. त्यातले दोन बंद पडले होते. बावीस मुले उरलेल्या दोन संगणकांवर पाळीपाळीने बसत. आठवड्यातून एकदा एकेकाला अर्धा तास मिळे. मागच्या आठवड्यात शिकवलेले या आठवड्यात मुलांच्या बोटांत राहत नसे, आणि सरांना ते पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागे.

अशात गावाबाहेरच्या सूतगिरणीचे एक कार्यालय बंद झाले. गिरणीच्या व्यवस्थापकांनी तिथले चौदा संगणक शाळेला देऊ केले. पण संगणक जुने होते. विंडोजची नवी आवृत्ती त्यांना पेलत नव्हती. म्हणून त्यांवर लिनक्स नावाची दुसरी, फुकट मिळणारी प्रणाली टाकलेली होती. बोलणारा आवाज तिच्यातही होता. व्यवस्थापकांनी एकच गोष्ट मागितली. तुमच्या शिक्षकांनी पंधरा दिवस वापरून पाहावे आणि उपयोग होईल की नाही ते लिहून द्यावे. नसेल होणार, तर आम्ही हे दुसऱ्या कुणाला तरी देऊ.

मुख्याध्यापिका शैलजा अत्तरदे यांनी सरांना बोलावले.

"सर, हे तुमच्यावर आहे," त्या म्हणाल्या. "मला यातलं काही कळत नाही."

सर बरे म्हणाले. उठताना त्यांनी टेबलाला दोन्ही हात टेकले.

संगणक मांडून द्यायला गिरणीचा एक माणूस आला होता. जाताना त्याने ब्रेलमधली एक पुस्तिका सरांच्या हातात ठेवली. पुण्याच्या काही अंध मंडळींनी ती तयार केली होती. अकरा पाने होती. सरांनी पहिल्या ओळीवरून बोट फिरवले. 'संगणक सुरू करण्याचे बटण शोधा,' असे तिथे लिहिले होते. एकोणीस वर्षे संगणक शिकवणाऱ्याला कुणी बटण शोधायला सांगत होते. सरांनी पुस्तिका मिटली आणि खणात टाकली.

पहिल्या दिवशी ते गिरणीतून आलेल्या, शाळेला नव्या असलेल्या संगणकासमोर बसले. सुरू झाला असे वाटले, पण तो काही बोलेना. सरांनी नेहमीची दोन बटणे दाबली. काही झाले नाही. तिसरे दाबले, तेव्हा कुठूनतरी एक चिरका आवाज आला. सर्दी झालेला माणूस पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलतो तसा. तो काय म्हणाला, ते सरांना कळले नाही. पुन्हा म्हणायला लावायचे बटण त्यांना ठाऊक होते, पण ते जुन्या संगणकाचे. इथे ते दाबल्यावर आवाज भलतीकडेच गेला.

दुसरा दिवसही असाच गेला. हात सवयीच्या जागी जात आणि तिथे दुसरेच काही असे. नवशिक्याला निदान आपल्याला येत नाही हे ठाऊक असते. सरांना येत होते, आणि तेच आड येत होते. दर चुकीला आधी हात मागे घ्यायचा, मग जुने विसरायचे, मग नवे शोधायचे. एका चुकीला तीन कष्ट. दुपारी जेवणाच्या वेळी त्यांचे डोके ठणकत होते. भाकरी अर्धी टाकून ते उठले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी चाचणीचा पेपर टाइप करायला घेतला. पाच प्रश्नांना सकाळ गेली. शेवटी त्यांनी तो जपून ठेवला. नंतर उघडायला गेले तर सापडेना. कुठे ठेवला गेला, ते हा संगणक सांगत असेल तर सरांना ऐकू येत नव्हते. त्यांनी तासभर शोधले. मग उठून ते जुन्या संगणकाशी गेले आणि तोच पेपर वीस मिनिटांत पुन्हा लिहिला. काम झाले, पण बरे वाटले नाही. खुर्चीत ते नुसतेच बसून राहिले.

चौथ्या दिवशी त्यांनी अभिप्राय लिहिला. जुन्याच संगणकावर. तीन ओळी होत्या. 'सदर प्रणाली अंध विद्यार्थ्यांच्या उपयोगाची नाही. ती शिकवणे शक्य नाही. कळावे.'

अत्तरदे मॅडमनी कागद वाचला.

"पंधरा दिवस दिले होते, सर. चारच झालेत."

"चारात कळलं, मॅडम."

"तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर शिक्का मारला.

हे वाक्य सरांनी आजवर पुष्कळदा ऐकले होते आणि दर वेळी त्यांना ते सुखावून गेले होते. आज ते किंचित टोचले. पण का टोचले, याचा विचार करण्याइतके त्राण त्यांच्यात नव्हते. पत्र त्याच दिवशी गिरणीत पोचले. पुढच्या आठवड्यात शनिवारी टेंपो येईल आणि संगणक घेऊन जाईल, असा निरोप आला. सरांना त्या रात्री बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

शाळेत द्वारकाबाई सपकाळे नावाच्या एक शिक्षिका होत्या. त्या मुलांना वेताच्या खुर्च्या विणायला शिकवत. त्याही अंध होत्या. पूर्वी त्यांच्या वर्गाला गावातून इतके काम येई, की मुलांना सुट्टीतही बसावे लागे. मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि काम आटले. आता दुपारी द्वारकाबाईंना बराच मोकळा वेळ असे. संगणकाला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता.

सरांचे पत्र गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या संगणकाच्या खोलीच्या दाराशी आल्या.

"सर, हे नाहीतरी जायचेच आहेत ना? मी जरा हात लावून पाहू का?"

"पाहा," सर म्हणाले. "पण त्यात काही अर्थ नाही."

"नसू दे. त्याचं काही वाचायला आहे का?"

सरांनी खणातून पुस्तिका काढून त्यांना दिली आणि ते आपल्या कामाला लागले. त्यानंतर रोज दुपारी द्वारकाबाई कोपऱ्यातल्या संगणकाशी येऊन बसत. सर त्या वेळी दुसऱ्या खोलीत ब्रेलचा तास घेत. भिंतीपलीकडून त्यांना तो चिरका आवाज ऐकू येई. एक अक्षर, मग शांतता. पुन्हा तेच अक्षर. सरांना वाटे, बाईंना वेळ आहे, जाऊ दे.

असे आठ दिवस गेले. शुक्रवार उजाडला. दुसऱ्या दिवशी टेंपो येणार होता. दुपारी सर संगणकाच्या खोलीत आले तेव्हा द्वारकाबाई अजून बसलेल्या होत्या.

"सर, एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "हे कागदावर कसं काढायचं?"

"काय काढायचंय?"

"पत्र. सहा ओळी आहेत. तीन दुपारी गेल्या त्यात."

सरांना वाटले, आपण चुकीचे ऐकले. "मराठीत लिहिलंत?"

"मला दुसरं काय येतं?"

सर जवळ गेले. "कुठे ठेवलंय ते? उघडतंय का पुन्हा?"

द्वारकाबाईंनी चार बटणे दाबली. हळू दाबली, मध्ये थांबून दाबली, पण बरोबर दाबली. चिरका आवाज म्हणाला, 'प्रिय लीलाताई.' आणि द्वारकाबाईंनी तो लगेच बंद केला.

सर उभेच राहिले.

"त्रास नाही झाला?" त्यांनी विचारले.

"झाला ना. पहिले दोन दिवस तर नुसती बटणं मोजली, वेताची भोकं मोजतात तशी."

"राग नाही आला?"

"राग कशाचा? मला आधी कुठे काही येत होतं, की इथे ते चालेना म्हणून राग यावा?"

सर प्रिंटरकडे वळले.

"छपाईचं नवव्या पानावर दिलंय," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण प्रिंटर, केबल, हे काय असतं ते मला कळत नाही. ते तुम्हाला कळेल."

सरांनी पुस्तिका घेतली. नववे पान काढून ते उभ्या उभ्या वाचले. मग जुन्या संगणकाची प्रिंटरची केबल काढली, चाचपत कोपऱ्यापर्यंत ओढून आणली आणि नव्याला लावली. पानावर लिहिले होते तेवढेच केले. आपले काही त्यात घातले नाही. प्रिंटर खडखडला आणि एक कागद बाहेर आला. सरांनी तो द्वारकाबाईंच्या हातात दिला. कागद कोमट होता.

"मॅडमकडून एकदा वाचून घेऊ का?" सर म्हणाले. "नीट उमटलंय की नाही ते कळेल."

"नको, सर," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांनी कागदाची घडी घातली. "माझी बहीण डोळस आहे. तिला ब्रेल येत नाही. पन्नास वर्षांत तिला पत्र लिहायचं म्हणजे मी कुणाला तरी सांगणार आणि तो लिहिणार. त्याच्यासमोर सांगायचं म्हणून अर्धं पोटातच राहायचं. हे पहिलंच आहे जे फक्त तिला कळेल."

घडी कमरेच्या पिशवीत ठेवून त्या काठी टेकत निघून गेल्या.

सर त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. समोर संगणक चालू होता. टेंपो उद्या येणार होता. सरांच्या शब्दावर शाळेत कुणी शंका घेतली नव्हती, आणि पुढेही घेतली नसती. द्वारकाबाईंच्या मनात तर हे आलेही नव्हते, की त्यांनी सहा ओळी लिहून सरांच्या तीन ओळी खोट्या पाडल्या आहेत. सर गप्प बसले असते तर उद्या दुपारपर्यंत खोली मोकळी झाली असती. मग जुने दोन संगणक, जुनी बटणे, आणि दोन वर्षे. ते फार सोपे होते. आणि ते खरोखरच दमलेले होते. त्यात ढोंग काही नव्हते.

बसल्या बसल्या त्यांना एकोणीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली. ते तेव्हा ब्रेलचे शिक्षक होते. नाशिकला एका वर्गात त्यांना विंडोज शिकायला पाठवले होते. पहिल्या महिन्यात त्यांनी दोनदा कीबोर्ड आपटला होता. घरी फोन करून ते पत्नीला म्हणाले होते, हे अंध माणसाच्या उपयोगाचे नाही, मी परत येतो. पत्नी म्हणाली होती, या, पण महिना संपवून या. महिना संपल्यावर ते आले नाहीत. तीन महिने राहिले.

तेच शब्द त्यांनी मागच्या आठवड्यात शिक्का मारून पाठवले होते. नाशिकच्या वेळी ते घरच्या घरी विरले. या वेळी त्यांचे अजाणत्याचे रडगाणे जाणत्याचे मत म्हणून गेले होते, आणि लोकांनी ते मानले होते.

सर उठले आणि मॅडमच्या खोलीत गेले.

"मॅडम, मी लिहिलेलं पत्र खोटं आहे."

अत्तरदे मॅडमनी पेन खाली ठेवले. "खोटं म्हणजे?"

"मी लिहिलं की ही प्रणाली उपयोगाची नाही. खरं असं होतं की मी दमलोय. मला एवढंच लिहायला हवं होतं. पुस्तिकासुद्धा मी वाचली नाही."

मॅडमनी फोन जवळ ओढला. "मी गिरणीत फोन करते," त्या मग म्हणाल्या.

"मीच करतो," सर म्हणाले. "पत्र माझं आहे."

सरांनी फोन लावला आणि व्यवस्थापकांना सगळे सांगितले. सरांना ते सांगणे जड गेले. बोलून झाल्यावर व्यवस्थापक म्हणाले, "सर, तुमच्या पत्रावर विसंबून आम्ही पलीकडच्या तालुक्यातल्या वाचनालयाला आठ संगणक कबूल केले. त्यांनी टेबलंसुद्धा करून घेतली. ते आता मागे घेता येणार नाहीत."

"आणि बाकीचे?"

"सहा ठेवा. पण या वेळी नीट लिहून द्या."

सरांनी नवा अभिप्राय त्याच दुपारी लिहिला. या वेळी नव्या संगणकावर, पुस्तिका मांडीवर ठेवून. दोन तास लागले. त्यात लिहिले होते, 'माझा आधीचा अभिप्राय मी मागे घेतो. तो या प्रणालीविषयी नव्हता, माझ्या थकव्याविषयी होता. ही प्रणाली अंधांना वापरता येते. आमच्या एका शिक्षिकेने ती आठ दिवसांत वापरून दाखवली आहे. मला अजून येत नाही. शिकायला वेळ लागेल.'

शनिवारी टेंपो आला. हमालांनी आठ संगणक उचलून नेले. सर दाराशी उभे राहून एकेक जाताना ऐकत होते. आठवा गेल्यावर ते आत आले आणि पुस्तिकेचे पहिले पान काढून बसले. संगणक सुरू करण्याचे बटण त्यांनी शोधले.

पुढचे दिवस सोपे गेले असे नाही. दिवाळीपर्यंत त्यांची बोटे जुन्या जागी जात राहिली. तो चिरका आवाज त्यांना शेवटपर्यंत आवडला नाही. पण एक गोष्ट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच केली. मॅडमकडे जाऊन ते म्हणाले, दुपारी जेवल्यावर मला अर्धा तास आडवे होऊ द्या, माझ्याने सलग होत नाही. मॅडम म्हणाल्या, हे आधीच का नाही मागितलेत? त्या अर्ध्या तासात नव्या मुलांना बटणांची ओळख द्वारकाबाई करून देत. अडले की म्हणत, थांबा, हे सरांना ठाऊक असेल. उठल्यावर सर ते सांगत. कधी म्हणत, मलाही ठाऊक नाही, आपण पाहू.

बावीस मुले, सहा नवे संगणक आणि दोन जुने. पूर्वीपेक्षा पाळी लवकर येई, पण तरी येईपर्यंत थांबावे लागे. वर्गात नवी आलेली मुलगी एकदा विचारू लागली, "सर, आपल्याकडे आणखी संगणक का नाहीत?"

मॅडम दारातच होत्या. त्या काही सांगणार, तोच सर म्हणाले, "आणखी आठ होते, बाळ. ते माझ्या चुकीने गेले. तू तोवर या माझ्या संगणकावर बस."

ते उठले, आणि मुलगी त्यांच्या जागी बसली.

तात्पर्य: दमलेल्या माणसाने विसावा मागावा, त्यात कमीपणा नाही, पण थकव्याला जाणतेपणाचा शिक्का मारून निकाल देऊ नये, कारण जाणत्याचा शब्द लोक मानतात आणि त्याची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागते.